प्रादेशिक परिवहन अधिकारी, नाशिक यांना खुले पत्र: जुन्या गाडीच्या ब्रेक पेडलवर मिनिटभर पाय ठेवून पाहा

प्रति,
मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी,
नाशिक

विषय: पंधरा वर्षांवरील घरगुती मोटारींच्या रिपासिंगच्या वेळी ब्रेक ऑइलच्या गळतीची तपासणी होण्याबाबत

महोदय, स.न.वि.वि.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी समोर उभी करून ती वाढवून घ्यावी लागते, यालाच रिपासिंग म्हणतात. एमएच १५ ची पाटी लावून २०१० च्या आगेमागे ज्या अल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका, बोलेरो घरोघर आल्या, त्यांची ती वेळ आता आली आहे. पंधरा वर्षांत गाडीखाली वाकून पाहण्याचा अधिकार असलेला पहिला माणूस म्हणजे आपला निरीक्षक, आणि त्यानंतरचा योग थेट पाच वर्षांनी. मधल्या काळात गाडी कुणाच्या हातात जाते, कुठे दुरुस्त होते, तिच्या ब्रेकच्या टाकीत कोणते ऑइल पडते, हे विचारणारे कुणी नसते.

आम्ही ब्रेकचे काम करणारी माणसे आहोत. आमची मागणी एका ओळीची आहे: गाडी किती जोरात थांबते हे पाहाच, पण त्याच्या आधी इंजिन चालू ठेवून ब्रेक पेडलवर मिनिटभर पूर्ण जोराने पाय ठेवा आणि तेवढ्यात दुसऱ्या माणसाला बॅटरी घेऊन खाली पाहू द्या. बाकीचे पत्र हे का आणि कसे करायचे, याबद्दल आहे.

‘ब्रेक अचानक फेल झाले’ असे आपण वाचतो, ऐकतो. जुन्या गाडीत अचानक होतो तो फक्त शेवट. त्याआधी कित्येक महिने कुठेतरी ऑइल पाझरत असते, कुणीतरी बाटलीतून टाकी भरत असते, आणि चालकाला एकदाऐवजी दोनदा पेडल मारायची सवय लागलेली असते.

दाबाचा हिशेब आधी मांडतो, कारण सगळी गोम तिथे आहे. टायरमध्ये आपण तीस-बत्तीसची हवा भरतो, म्हणजे चौरस इंचाला तीस-बत्तीस पौंड. जोराचा ब्रेक मारला की ब्रेकच्या पाईपमध्ये हाच आकडा हजारावर जातो, घाबरून मारला तर चौदाशेच्या घरातही पोचतो. आवारात गाडी सावकाश चालवून हळूच थांबवली तर त्याचा चौथा हिस्साही लागत नाही. गंजून पातळ झालेला पाईप तीनशेचा दाब मुकाट्याने धरतो. तो पाईप नेमका गरजेच्या वेळी फुटला म्हणून लोक हळहळतात. पण एवढा दाब मुळी गरजेच्या वेळीच येतो. रोलरवरची चाचणी झाली तरी ती चाकाला ब्रेक किती लागतो ते मोजते. ऑइल पाईपच्या आत किती काळ राहील, हे तिला मोजता येत नाही.

आता गळती होते कुठे ते पाहू. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या छोट्या गाड्यांत पहिला संशय मागच्या व्हील सिलेंडरवर घ्यावा. ऑइलच्या दाबाने लायनर, म्हणजे घासणाऱ्या पट्ट्या, ड्रमवर दाबणारा, बोटाच्या पेराएवढा तो सिलेंडर, त्यात दोन पिस्टन, दोन रबरी वॉशर आणि बाहेरून दोन धूळटोप्या. ऑइल हवेतले पाणी ओढते, त्या पाण्याने सिलेंडरच्या आतल्या भिंतीला बारीक खड्डे पडतात आणि वॉशरची कड त्या खड्ड्यांवरून सरकताना कापली जाते. सुरुवातीला ऑइल फक्त धूळटोपीत साठते, बाहेर काहीच दिसत नाही. टोपी भरली की ते लायनरवर उतरते, मग ड्रमच्या मागच्या पत्र्याच्या खालच्या कडेवरून ओघळून टायरच्या आतल्या बाजूला येते. टायरच्या आतल्या अंगाला ओला, काळसर पट्टा दिसला तर गळती आजकालची नाही असे समजावे.

याच गळतीचा एक दुष्परिणाम फार कमी लोकांच्या लक्षात येतो. मागचा हॅन्डब्रेक केबलने चालतो, त्याला ऑइल लागत नाही, म्हणून पायाचा ब्रेक गेला तर हॅन्डब्रेक आहे असा सगळ्यांचा भरवसा. पण हॅन्डब्रेक दाबतो ते लायनर तेच, ऑइलने भिजलेले. म्हणजे ज्या चाकाचा सिलेंडर गळतो, तिथला राखीव ब्रेकही त्याच गळतीने अर्धमेला झालेला असतो. भिजलेला लायनर कधी घसरतो तर कधी उलटा चिकटून चाक जाम करतो, आणि गाडी एका अंगाला ओढते. तो पेट्रोलने पुसून, पॉलिश पेपर मारून परत बसवणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे आहे. ऑइल आत मुरलेले असते, ड्रम तापला की पुन्हा वर येते.

दुसरी जागा मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडल दाबले की ऑइल चाकांकडे ढकलणारा मुख्य सिलेंडर. इथली गळती दोन तऱ्हेची. मागच्या टोकाचा सील गेला तर ऑइल बूस्टरच्या, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या, डब्यात उतरते. टाकी रिकामी होत जाते आणि जमिनीवर मात्र थेंब नाही. अशा वेळी मास्टर सिलेंडर जिथे बूस्टरला जोडला आहे तिथे खालच्या बाजूला बोट फिरवावे. ओले लागते, रंग फुगून पापुद्रे निघालेले असतात, कारण ब्रेक ऑइल रंग खाते. बूस्टरमध्ये जास्त साठले तर व्हॅक्यूमच्या पाईपमधून ते इंजिनात ओढले जाते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. मग लोक इंजिनाचे काम काढून बसतात.

दुसरी तऱ्हा आतल्या आत. पिस्टनवरचा वॉशर झिजला की ऑइल पुढे दाबले जाण्याऐवजी वॉशरच्या कडेने मागे निसटते. टाकीतली पातळी जागची हलत नाही, खाली थेंब नाही, आणि पेडल मात्र पायाखाली सावकाश बसत जाते. सिग्नलला उभे असताना पेडल खाली जाते असे गिऱ्हाईक सांगते ते हेच. गंमत अशी की जोराने दाबल्यावर वॉशर फुगून भिंतीला घट्ट लागतो आणि पेडल ठीक वाटते. हलक्या पायानेच दोष उघडा पडतो. म्हणून पेडलची तपासणी हलकी आणि जोराची अशी दोन्ही करायला हवी. नुसती जोराची केली तर हा आजार सुटतो, नुसती हलकी केली तर फुटायला टेकलेला पाईप.

लोखंडी पाईप हा नाशिक जिल्ह्यापुरता वेगळ्या काळजीचा विषय आहे. समुद्र लांब आहे, खारी हवा नाही, म्हणून इथल्या गाड्या गंजत नाहीत अशी समजूत आहे. पण इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा भागात चार महिने धो धो पाऊस असतो, आणि त्या रस्त्यांवरचा चिखल पाईप धरणाऱ्या क्लिपांत जाऊन बसतो. वरून वाळलेला दिसतो, आत ओला राहतो. ब्रेकचा पाईप बाहेरून जेमतेम पावणेपाच मिलीमीटर जाड, त्याची भिंत पाऊण मिलीमीटरहूनही कमी. ती पोखरायला वेळ लागत नाही. पाईप उघड्यावर सहसा सडत नाही. सडतो तो क्लिपेच्या खाली, पेट्रोलच्या टाकीच्या वर आणि मागच्या एक्सलवर, जिथे दगड-मातीचा मारा असतो. त्यात हौसेने मारून घेतलेले काळे अंडरकोटिंग. नव्या गाडीला ते चांगलेच. पण गंजलेल्या पाईपवर मारले की गंज झाकला जातो आणि तपासणाऱ्याला गुळगुळीत काळा पाईप दिसतो. अशा पाईपवर क्लिपेच्या दोन्ही बाजूंना नखाने किंवा लाकडी काडीने खरवडून पाहावे. पापुद्रा सुटून खाली खड्डे दिसले तर पाईप बदलायचा. पॉलिश पेपर मारून वरचा गंज काढल्याने गेलेली जाडी परत येत नाही.

रबरी होज पाईप बाहेरून तडकतो ते सगळ्यांना दिसते. तो वाकवून पाहावा आणि पुढची चाके दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठे घासतो का तेही पाहावे. पेडल दाबलेले असताना होजवर फुगवटा आला तर पुढे तपासायचे काही उरतच नाही. काही गाड्यांत क्लचही ऑइलवर चालतो आणि ब्रेकच्याच टाकीतून पितो, तिथे क्लचची गळतीही ब्रेकच्या टाकीत दिसते. व्हॅन आणि जीपसारख्या काही गाड्यांत मागच्या एक्सलजवळ वजनानुसार दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, तोही एकदा पाहून घ्यावा.

इथे आपल्या कार्यालयातले जाणकार विचारतील की आजकालच्या मोटारींना ब्रेकची लाईन दुहेरी असते, एक फुटली तरी दुसरी चालते, मग गाडी पूर्ण बिनब्रेकची कशी होते? प्रश्न बरोबर आहे. मास्टर सिलेंडरमध्ये दोन पिस्टन एकापुढे एक असतात. छोट्या गाड्यांत बहुधा पुढचे एक चाक आणि तिरपे मागचे एक चाक अशी जोडी एका लाईनवर असते. टाकीतही मध्ये भिंत असते, म्हणजे एका लाईनचे ऑइल संपले तरी दुसरीचे राहते. एक लाईन गेली तर ब्रेक साधारण निम्मा राहतो आणि पेडल खूप खाली जाऊन मग लागते. पण खाली जाणारे पेडल पाहून घाबरलेला माणूस पाय उचलतो, पुन्हा मारतो, आणि ताशी ६० च्या वेगाने जाणारी गाडी तेवढ्या एका सेकंदात १७ मीटर पुढे जाते. याहून वाईट म्हणजे एक लाईन आधीच कधीतरी गेलेली असते. चालक सवयीने दोनदा पेडल मारून गाडी हाकत असतो आणि फुटते ती उरलेली दुसरी.

तिसरे कारण मास्टर सिलेंडरच्या आत आहे. रोजच्या चालवण्यात पिस्टन त्याच्या वाटेच्या पहिल्या टप्प्यातच पुढे-मागे होतो. पुढची वाट वर्षानुवर्षे कोरी राहते, तिथे गंज आणि गाळ चढतो. एका लाईनचा दाब गेला की पेडल प्रथमच तळापर्यंत जाते, पिस्टनचे वॉशर त्या खरखरीत भागावरून घासत जातात आणि शाबूत असलेली लाईनही तिथेच जखमी होते.

आणि एक गोष्ट आमच्याच व्यवसायाची, ती लपवण्यात अर्थ नाही. एखाद्या चाकाचा सिलेंडर गळतो, पार्ट मिळत नाही, गिऱ्हाइकाला घाई असते. मग त्या चाकाचा पाईप ठोकून चपटा करतात किंवा जॉइंटमध्ये छर्रा घालून बंद करतात. गळती थांबते, गाडी तीन चाकांच्या ब्रेकवर निघते, आणि ‘पार्ट आला की करू’ म्हणता म्हणता वर्ष जाते. तोवर गाडी विकलीही जाते. असा चपटा केलेला पाईप खाली वाकून पाहिले तर पाच सेकंदांत दिसतो. तो दिसला तर त्या गाडीचे रिपासिंग थांबवावे, आमच्यापैकी कुणाच्या गॅरेजमधून ती आली असली तरी. तसेच जोडावर गुंडाळलेली टेफ्लॉन टेप, लांबीसारखा थापलेला एम-सील, मध्येच क्लॅम्पने जोडलेला रबरी तुकडा, फ्रीजवाल्यांकडची तांब्याची नळी. पाईपचा जोड आट्यांवर सील होत नसतो, पाईपच्या पसरवलेल्या तोंडावर होतो, त्यामुळे आट्यांवर कितीही टेप गुंडाळली तरी उपयोग शून्य. शुद्ध तांबे थरथरीने कडक होत जाते आणि चिरते.

मुळात ‘ब्रेक ऑइल’ हा आपला शब्दच घात करतो. ते तेल नाही, ग्लायकोलपासून केलेला द्रव आहे आणि पाण्यात मिसळतो. तेल म्हटले की तेल, म्हणून कुणी इंजिन ऑइलचा घोट टाकतो, कुणी पॉवर स्टिअरिंगचे टाकतो. खनिज तेल लागले की ब्रेकमधले रबर फुगून मऊ पडते आणि मास्टर सिलेंडरपासून चारही चाकांपर्यंतचे प्रत्येक रबर बाद होते. परीक्षा अगदी सोपी आहे. टाकीतले थोडे ऑइल पाण्याच्या ग्लासात टाकावे. विरघळले तर बरे, वर तवंग आला तर गाडी हलवू नये. टाकीच्या झाकणाचे रबर फुगून बसेनासे झाले असेल तर ग्लासाचीही गरज नाही.

पाण्यात मिसळण्याचा हा गुण घाटात आडवा येतो. बाटलीवरचा डॉटचा आकडा हा ऑइलचा दर्जा. डॉट ३ चे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसला उकळते, डॉट ४ चे किमान २३० ला. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हेच आकडे किमान १४० आणि १५५ वर येतात. सप्तशृंगगडावरून नांदुरीपर्यंत दहाएक किलोमीटरचा उतार पाय सतत ब्रेकवर ठेवून उतरला, तर पुढच्या कॅलिपरमधले (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातले) जुने ऑइल उकळते, वाफ होते, वाफ दबते आणि पेडल तळाला जाते. पंधरा-वीस मिनिटे थांबले की ब्रेक परत येतो. हा गळतीहून वेगळा आजार, पण लोक दोन्हीला ‘ब्रेक फेल’च म्हणतात आणि गॅरेजवाला गळती शोधून दमतो. खूण लक्षात ठेवावी: थंड झाल्यावर परत आला तर वाफ, नाही आला तर गळती किंवा मास्टर सिलेंडर. पहिल्यावर उपाय म्हणजे दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे आणि उतरताना दुसरा-तिसरा गिअर. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवणाऱ्यांबद्दल आम्ही काय बोलावे!

आता प्रत्यक्ष तपासणी. एका गाडीला दोन माणसे आणि आठ-दहा मिनिटे पुरतात. खाली पाहायला खड्डा किंवा रॅम्प, बॅटरी, छोटा आरसा आणि लाकडी फूटपट्टी, एवढेच सामान.

आधी बॉनेट उघडून टाकी पाहावी. पातळी मॅक्स आणि मिनच्या मध्ये असायला हवी. डिस्कला घासणारे पॅड झिजत जातात तशी ती मॅक्सकडून मिनकडे हळूहळू उतरते, ते स्वाभाविक आहे. मिनच्या खाली असेल तर गळती शोधायचीच. आणि पातळी मॅक्सला, ऑइल नवे कोरे, पण पॅड झिजलेले, असे दिसले तर मालकाला विचारावे की वरून ऑइल कधी टाकले. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखे वापरात जळून किंवा उडून कमी होत नाही. ज्या गाडीत ते सारखे टाकावे लागते ती गळतेच.

मग दिवा. चावी चालू करून हॅन्डब्रेक ओढला की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो आणि सोडला की विझतो. पुष्कळ गाड्यांत हाच दिवा टाकीतल्या पातळीचाही असतो. म्हणून हॅन्डब्रेक सोडून, चाकाखाली ठोकळ्याची ओट लावून, टाकीचे झाकण फ्लोटसकट (ऑइलवर तरंगणाऱ्या तुकड्यासकट) वर उचलावे. फ्लोट टाकीच्या आत असेल तर स्वच्छ काडीने खाली दाबावा. दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर बल्ब गेलेला असतो, टाकीवरचा सॉकेट सुटलेला असतो किंवा सारखा दिवा लागतो म्हणून कुणीतरी मुद्दाम काढून ठेवलेला असतो. गळतीची आगाऊ सूचना देणारी गाडीतली एकमेव वस्तू हीच, आणि ती दुरुस्त करायला बहुधा एक बल्ब पुरतो.

त्यानंतर पेडल. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो. पाय दाबलेलाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली जाऊन थांबले तर बूस्टर चालू आहे. आता फूटपट्टीने पेडल ते फरशी अंतर मोजून हलक्या पायाने अर्धा मिनिट धरावे आणि पुन्हा मोजावे. नंतर घाबरून मारतो तेवढ्या जोराने, वजनात सांगायचे तर ४०-५० किलोने, पूर्ण मिनिटभर. सेकंद घड्याळात मोजावेत. अंदाजाने धरलेला मिनिट वीस सेकंदांतच संपतो. पहिल्या बसकणीनंतर पेडल सरकत राहिले तर गाडी नापास. दुसऱ्या दाबाला पेडल पहिल्यापेक्षा बरेच वर आले तर लाईनमध्ये हवा आहे किंवा मागचे लायनर सैल आहेत. ते नीट करून परत आणायला सांगावे.

हा मिनिट चालू असतानाच खालचा माणूस पाहतो: सगळे होज, मागच्या एक्सलवरचा पाईप आणि टी जॉइंट, प्रत्येक क्लिपेची दोन्ही अंगे, मागच्या ड्रमच्या पत्र्याची खालची कड, टायरची आतली बाजू, बूस्टरचा जोड. ओले दिसले तर कशाचे ते बोटाने कळते. डिझेल आणि गिअर ऑइलला वास असतो, पाण्याने ते धुतले जात नाही. ब्रेक ऑइल बुळबुळीत असते आणि साध्या पाण्याने निघून जाते.

या चाचणीत पाईप फुटला तर? फुटू द्यावा. आपल्या आवारात, ताशी शून्य वेगाने फुटला तर मालकाला गाडी ओढून न्यावी लागेल आणि तो चार शब्द बोलेल. त्याची तयारी म्हणून मालकाकडून आधी सही घेऊन ठेवावी, एवढे सुचवतो.

नापास गाडी आमच्याकडेच येणार, म्हणून चार शब्द गॅरेजवाल्या बंधूंसाठीही याच पत्रात. सिलेंडरला खड्डे दिसत असतील तर घासून नुसते रबरांचे किट टाकू नका, सिलेंडर पूर्ण बदला, आणि एका बाजूचा गेला तर दोन्ही बाजूंचे बदला. दोघांनी सारखाच पाऊस खाल्लेला असतो. लायनर भिजले असतील तर मागचा पूर्ण सेट. रबराला पेट्रोल, डिझेल, रॉकेल लावू नका. धुवायला ताजे ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट, आणि ग्रीस लागलेच तर लाल रबर ग्रीस. होजच्या बोल्टचे दोन्ही तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. जुने दाबून चपटे झालेले असतात, दुसऱ्यांदा बसत नाहीत, मग लोक बोल्ट अजून आवळतात आणि आटे जातात. छोट्या गाड्यांत पाईपचा नट साधारण १६, होजचा बोल्ट साधारण २३ न्यूटन मीटर एवढाच आवळायचा असतो. गाडीचे मॅन्युअल असेल तर त्यातला आकडा खरा. पाईपच्या नटाला उघडा पाना नको, कडा गोल होतात. नटाला चहूबाजूंनी धरणारा फ्लेअर पाना वापरा.

हवा काढताना पेडलखाली दीड-दोन इंचाचा लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे पेडल तळाला जाणार नाही आणि वर सांगितलेली मास्टर सिलेंडरची जखम होणार नाही. नवा ब्रेक करून नेलेली जुनी गाडी आठवड्यात मास्टर सिलेंडर गेला म्हणून परत येते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत सहसा सर्वात लांबचे चाक मागचे डावे. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम नसेल तर तिथून सुरुवात करा. चाकाजवळच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचे दुसरे टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेले, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. जुने ऑइल पूर्ण काढून नवे भरायला छोट्या गाडीला पाऊण ते एक लिटर लागते. निघालेले ऑइल परत टाकीत ओतू नका. अर्धी उरलेली, झाकण सैल राहिलेली बाटली सहा महिन्यांनी वापरू नका. बाटलीवर आयएस ८६५४ आणि डॉटचा आकडा पाहून घ्या. काम झाल्यावर तोच एक मिनिट पेडल धरून पाहा आणि मगच चावी द्या.

खर्चाचे म्हणाल तर १ एप्रिल २०२२ ला पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. बहुतेक छोट्या गाड्यांचे मागचे दोन व्हील सिलेंडर, होज आणि लिटरभर ऑइल मजुरीसकट तेवढ्यात किंवा त्याहून कमीत होते.

आपल्या आवारात एक फलक लावता आला तर त्यावर चालकांसाठी एवढेच लिहावे. पेडल खाली गेले तर पाय पूर्ण उचलून भराभर चार-पाच वेळा मारा, थोडा दाब मिळतो. लगेच एकेक गिअर खाली. हॅन्डब्रेक बटण दाबून धरूनच थोडा-थोडा ओढा. झटक्यात ओढला तर मागची चाके अडकून गाडी फिरते. चावी बंद करू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकते. घाटात असाल तर डोंगराची बाजू धरा. आणि थांबल्यावर टाकीत नवे ऑइल ओतून ‘गॅरेजपर्यंत नेऊ’ असे करू नका. जिथून पहिले गेले तिथूनच दुसरेही जाईल.

नाशिकमधून बाहेर पडायचे म्हटले की कसारा, सावळघाट, राहुड, मोहदरी, नांदुरी, यांतला एखादा उतार बहुधा वाटेत येतोच. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. त्या गर्दीत बस आणि ट्रकबरोबर आजूबाजूच्या तालुक्यांतून, पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन याच पंधरा-वीस वर्षांच्या घरगुती गाड्या येतील. त्यांच्यासाठी वेगळे केंद्र, वेगळे यंत्र आम्ही मागत नाही. खड्डा आणि दुसरा माणूस यांची सोय व्हायला वेळ लागेल हेही आम्हाला कळते. दिव्याची तपासणी मात्र उद्या सकाळपासून सुरू करता येईल. तिला एक माणूस, एक चावी आणि एक काडी लागते. शिवाय भारत स्टेज चार या प्रदूषण मानकाच्या आधीच्या गाड्या दर सहा महिन्यांनी पीयूसीला येतात. त्या केंद्रांवर बॉनेट उघडून टाकीची पातळी पाहून मालकाला तोंडी सांगायला आपल्या एका पत्राने सुरुवात होऊ शकेल.

निरीक्षकांना ओला पट्टा, चपटा पाईप, फुगलेले झाकण आणि खड्डे पडलेला सिलेंडर ओळखता यावा म्हणून गाड्यांतून काढलेले असे बाद पार्ट आम्ही आपल्या कार्यालयात आणून द्यायला तयार आहोत. आपण दिवस कळवावा.

आपले,
नाशिक शहर व परिसरात ब्रेकचे काम करणारे मेकॅनिक